कुंडीतला मावा आणि शिवारातले पीक

सातपुड्याच्या पायथ्याशी, पूर्णा नदीच्या खोऱ्यात वसलेला चांदूर बाजार तालुका संत्र्याच्या बागांसाठी आणि कपाशीसाठी अमरावती जिल्ह्यात ओळखला जातो. शेतीची आवड येथील माणसाच्या रक्तातच आहे. त्यामुळे ज्याच्याकडे बाग नाही, तोही अंगणात दोन-चार कुंड्या ठेवतोच. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर जास्वंद, शाळेच्या व्हरांड्यात शेवंती आणि गुलाब, घराच्या मागल्या दारी कढीपत्ता आणि कागदी लिंबू, दारापुढे तुळस, असे चित्र गावोगावी दिसते.

काही काळापूर्वी या तालुक्यातील एका शाळेस भेट देण्याचा योग आला होता. व्हरांड्यातील जास्वंदीची कोवळी पाने आकसली होती. कळ्या उमलण्याआधीच गळत होत्या. कुंडीखालची फरशी चिकट झाली होती आणि तिच्यावर मुंग्यांची रांग लागली होती. "मावा पडला आहे, पण काळजी नाही. औषध आणून ठेवले आहे," असे सांगण्यात आले. खिडकीत ठेवलेली बाटली पाहिली, तर ती शेतातील फवारणीतून उरलेल्या कीटकनाशकाची होती. तिच्यापासून चार हातांवर मुलांच्या पिण्याच्या पाण्याचा माठ होता. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. किडीची ओळख अपुरी होती आणि सोपा उपाय ठाऊक नव्हता, एवढेच. त्या दिवशी ती बाटली वेळीच हलविण्यात आली. परंतु हा विषय सविस्तर मांडण्याची निकड तेव्हाच जाणवली.

मावा कसा ओळखावा?

मावा ही रस शोषून जगणारी मऊ अंगाची कीड होय. बहुतेक मावा एक ते तीन मिलिमीटर लांबीचा असतो. त्याचा आकार नासपतीच्या फळासारखा, म्हणजे पुढे निमुळता व मागे फुगीर असतो. रंग मात्र एकच नसतो. हिरवा, पिवळा, तपकिरी, काळा असे अनेक रंग आढळतात. म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. मागील भागावर वर आलेल्या दोन बारीक नळ्या ही त्याची खरी खूण होय. साध्या भिंगातून त्या स्पष्ट दिसतात. असे भिंग बहुतेक शाळांत असतेच.

मावा सहसा एकटा राहत नाही. कोवळा शेंडा, कळीचे देठ आणि पानाची खालची बाजू येथे तो दाटीने बसतो. सुईसारखी सोंड झाडाच्या रसवाहिनीत खुपसून तो रस ओढतो. या रसात साखर भरपूर असते, पण शरीर वाढविणारी नत्रयुक्त द्रव्ये थोडी असतात. ती पुरेशी मिळावीत म्हणून मावा गरजेपेक्षा कितीतरी अधिक रस पितो आणि जादा साखर चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकतो. यालाच आपल्याकडे चिकटा म्हणतात. खालची पाने तेलकट दिसू लागली, फरशी चिकटू लागली की वरच्या शेंड्यावर मावा आहे असे समजावे.

या चिकट्यावर पुढे काळी बुरशी वाढते. संत्रा बागायतदारांना असा काळा थर परिचित आहे. बागेत काळ्या माशीच्या चिकट स्रावावर वाढणाऱ्या अशाच बुरशीला ते 'कोळशी' म्हणतात. कुंडीतील झाडावर हाच प्रकार माव्यामुळे होतो. बुरशी पानात शिरत नाही, परंतु पान झाकून टाकते. त्यामुळे सूर्यप्रकाश अडतो व झाडाचे अन्न तयार होण्याचे काम मंदावते.

आणखी एक खूण म्हणजे पानांवर पडलेली पांढरी कात. मावा वाढताना चार वेळा कात टाकतो. पानावर पांढरी भुकटी दिसली म्हणजे ती भुरी असेलच असे नाही. बोटाने पुसून पाहावे. हाताला कोरड्या सालपटांसारखे लागले तर ती माव्याची कात होय.

निदानातील चुका

चुकीचे निदान झाले की उपायही वाया जातो. म्हणून माव्यासारख्या भासणाऱ्या किडी वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत. पांढऱ्या कापसासारखे पुंजके देठांच्या बेचक्यात दिसले तर तो पिठ्या ढेकूण असतो. झाड हलविताच पांढरे ठिपके उडू लागले तर ती पांढरी माशी असते. पान हलविल्यावर तिरके चालणारे हिरवे किडे दिसले तर ते तुडतुडे होत. पानाखाली बारीक जाळी आणि लालसर ठिपके दिसले तर तो लाल कोळी होय. माव्याला धक्का लागला तरी तो सहसा जागा सोडत नाही. सोडलीच तर सावकाश चालू लागतो.

कढीपत्त्याच्या व लिंबाच्या कोवळ्या फुटीवर आढळणारी सायला ही कीडही अनेकदा मावा समजली जाते. तिची पिल्ले चपटी व पिवळसर असून त्यांच्या अंगातून पांढरे मेणचट धागे निघतात. प्रौढ कीटक डोके खाली व पाठ वर अशा तिरप्या अवस्थेत बसतो आणि चटकन उडी घेतो. लिंबूवर्गीय झाडांच्या ग्रीनिंग रोगाचा प्रसार ही कीड करते. त्यामुळे संत्र्याच्या पट्ट्यात कढीपत्त्याच्या कुंडीकडेही लक्ष असणे हितावह ठरते.

एकीचे हजार कसे होतात?

"काल काहीच नव्हते, आज शेंडा भरला," अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती अगदीच अतिशयोक्त नाही. माव्याची मादी नराशिवाय प्रजनन करू शकते आणि अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते. जिनिव्हा येथील चार्ल्स बॉने या निसर्गअभ्यासकाने १७४० मध्ये माव्याचे एक पिल्लू जन्मल्याबरोबर वेगळे करून काचेच्या भांड्याखाली डहाळीवर वाढविले. नराचा स्पर्शही नसताना त्या मादीने पिल्ले दिली. विज्ञानाच्या इतिहासात हा प्रयोग प्रसिद्ध आहे.

आपल्याकडील उष्ण हवामानात मावा बहुतेक वर्षभर याच रीतीने वाढतो. अनुकूल हवेत पिल्लू आठवड्याभरात प्रौढ होते. एका मादीस पन्नास पिल्ले झाली आणि सर्व जगली असे धरले, तर तिसऱ्या पिढीत ही संख्या सव्वा लाख होईल. प्रत्यक्षात ऊन, पाऊस आणि नैसर्गिक शत्रू यांमुळे एवढी वाढ होत नाही. परंतु आठ दिवसांचे दुर्लक्ष किती महाग पडते, हे या हिशेबावरून ध्यानात यावे.

शेंड्यावर दाटी झाली किंवा झाड सुकू लागले की काही पिल्लांना पंख फुटतात. वाऱ्याबरोबर ती दुसऱ्या झाडावर जातात आणि तेथे नवी वसाहत सुरू होते. ढगाळ, दमट व थंडावा असलेली हवा माव्यास मानवते. वैशाखातील कडक उन्हात त्याचा जोर ओसरतो. कुंडीत युरियासारखे नत्रखत जास्त झाले तर फूट लुसलुशीत होते आणि मावा वाढतो. म्हणून दिसायला हिरवीगार असलेली कुंडीच पुष्कळदा आधी किडीला बळी पडते.

अंगणापासून शिवारापर्यंत

कुंडीतील किडीचा एवढा विचार कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर वऱ्हाडाच्या पीकपद्धतीत आहे. जास्वंद आणि कपाशी ही एकाच कुळातील झाडे होत. भेंडीही त्यांचीच नातलग. कपाशीवरील मावा जास्वंदीवर सुखाने राहतो. तोच भेंडी, काकडी व भोपळावर्गीय वेलींवर आणि संत्र्याच्या कोवळ्या फुटीवरही जातो. शेतात पीक नसते तेव्हा गावातील शोभेची झाडे त्याला आसरा देतात. बोंडअळीला प्रतिकार करणाऱ्या बीटी कपाशीस देशात २००२ मध्ये मंजुरी मिळाली. परंतु त्या वाणांतील हा गुण माव्यासारख्या रसशोषक किडींवर चालत नाही, हेही येथे लक्षात ठेवावे.

संत्र्याच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. लिंबूवर्गीय झाडांवरील काळा मावा 'ट्रिस्टेझा' या विषाणूरोगाचा वाहक आहे. पोर्तुगीज भाषेत या शब्दाचा अर्थ दुःख असा होतो. विसाव्या शतकात दक्षिण अमेरिकेतील संत्रा बागांत या रोगाने लक्षावधी झाडे मेली, यावरून हे नाव किती सार्थ होते ते कळते. आपल्याकडे संत्र्याचे डोळे जंबेरी व रंगपूर लाईम या खुंटांवर भरले जातात. हे खुंट या रोगास बऱ्यापैकी सहनशील आहेत. कागदी लिंबू मात्र त्याला फार लवकर बळी पडते. अंगणातील कागदी लिंबाच्या कुंडीवर काळा मावा दिसला, तर तो आपल्याच बागेच्या दारात उभा आहे असे समजावे.

वरूड तालुक्यातील शेंदुरजना घाट परिसर संत्र्याच्या रोपवाटिकांसाठी सर्वदूर प्रसिद्ध आहे. मातीच्या पिशवीत वाढलेले कलम ही एका अर्थाने कुंडीच होय. कलम खरेदी करताना शेंडे उलटून पाहण्याची सवय असावी. किडलेले कलम स्वस्त मिळाले तरी शेवटी महागच पडते.

इतर झाडांवरील माव्याचे स्वभाव निराळे आहेत. कण्हेरीवर व रुईवर गडद पिवळा, काळ्या पायांचा मावा असतो. शेवंतीवर काळपट तपकिरी मावा कळ्यांच्या देठांना वेढतो. वाल आणि चवळी यांवर चकचकीत काळा मावा येतो. कण्हेरीवरचा पिवळा मावा मुख्यतः रुई-कण्हेरीच्या नात्यातील झाडांवरच राहतो. म्हणून तो पाहून संत्रा बागायतदाराने घाबरण्याचे कारण नाही.

मित्र आणि मुंग्या

निसर्गाने माव्याला शत्रूही पुष्कळ दिले आहेत. लाल-नारिंगी पाठीवर काळे ठिपके असलेला ढालकिडा सर्वांनी पाहिलेला असतो. त्याची अळी मात्र फारशी कोणास ओळखता येत नाही. ती करड्या-काळ्या रंगाची, नारिंगी ठिपक्यांची व लहानशा मगरीसारखी दिसते. तिला कीड समजून चिरडले जाते. वास्तविक ती रोज अनेक मावा फस्त करते. क्रायसोपाची अळी व सिरफिड माशीची अळी हेही माव्याचे भक्षकच होत. काही मावा फुगून भुरकट, कडक झालेला दिसतो व त्याच्या पाठीवर एक गोल छिद्र असते. त्याच्या पोटात एका अतिसूक्ष्म गांधीलमाशीची अळी वाढून बाहेर पडलेली असते. असे भुरके मणी दिसले तर फवारणीची घाई करू नये.

या मित्रांचे मोल महाराष्ट्राने अनुभवले आहे. २००२ मध्ये सांगली भागात उसावर लोकरी माव्याचा मोठा प्रादुर्भाव झाला आणि तो वेगाने राज्यात व शेजारच्या कर्नाटकात पसरला. उभ्या उसात फवारणी करणे अवघड होते. पुढे डिफा आणि मायक्रोमस या भक्षक कीटकांची संख्या शेतांत वाढली. त्यांचे संवर्धन करून ते शेतांत सोडण्यातही आले आणि लोकरी मावा आटोक्यात आला. अंधाधुंद फवारणी केली असती, तर हे मित्रच प्रथम मेले असते.

मुंग्यांची भूमिका उलट आहे. चिकटा हे मुंग्यांचे आवडते खाद्य. ते मिळत राहावे म्हणून त्या माव्याची राखण करतात आणि ढालकिड्यांना हुसकावून लावतात. म्हणून कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की प्रथम शेंडे तपासावेत. कुंडीच्या फांद्या भिंतीला किंवा शेजारच्या झाडाला टेकू देऊ नयेत. मुंग्यांची वाट तुटली की माव्याचे संरक्षण संपते.

उपाय : पायरी पायरीने

पहिला उपाय नजरेचा. आठवड्यातून एकदा प्रत्येक कुंडीचे शेंडे व पानांची खालची बाजू पाहावी. डासांच्या बंदोबस्तासाठी आपल्या गावांत आठवड्यातून एक 'कोरडा दिवस' पाळण्यात येतो. त्याच दिवशी कुंडीखालच्या ताटल्यांतील पाणी ओतून द्यावे आणि झाडांचीही तपासणी करावी. एका फेरीत दोन कामे होतात.

दुसरा उपाय हाताचा. एक-दोन शेंड्यांवरच मावा असेल तर ओल्या फडक्याने किंवा बोटांनी तो पुसून काढावा. शेंडा फारच आकसला असेल तर छाटून साबणाच्या पाण्यात बुडवावा. छाटलेला शेंडा कुंडीशेजारी टाकल्यास मावा पुन्हा झाडावर चढतो.

तिसरा उपाय पाण्याचा. सकाळी पानांच्या खालच्या बाजूस पाण्याची जोरदार धार मारावी. सोंड तुटून खाली पडलेला मावा बहुधा परत जगत नाही. एक दिवसाआड असे तीन-चार वेळा केल्यास बरीचशी कीड जाते. धार मारताना मुळाजवळची माती वाहून जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे.

चौथा उपाय साबणाचा. एक लिटर पाण्यात ५ मि.ली. सौम्य द्रव साबण मिसळून सायंकाळी फवारावा. कपडे धुण्याचा तीव्र सोडा वापरू नये. त्याने पाने करपतात. साबणाचे पाणी माव्याच्या अंगाला लागले तरच तो मरतो. त्यामुळे पानाची खालची बाजू पूर्ण भिजली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी झाड साध्या पाण्याने धुवावे.

पाचवा उपाय निंबोळीचा. वऱ्हाडात कडुनिंबाची वाण नाही. पावसाच्या तोंडावर झाडाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो. त्या गोळा करून, गर काढून, सावलीत वाळवून ठेवाव्यात. त्यांतील ५० ग्रॅम बिया कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी फडक्यातून गाळून त्यात २ ग्रॅम साबणाचा चुरा मिसळला की पाच टक्के निंबोळी अर्क तयार होतो. हा अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावा. तयार निंबतेल असल्यास एक लिटर पाण्यात ५ मि.ली. तेल व थोडा साबण घालून चांगले ढवळावे. कोणताही द्रव प्रथम एका फांदीवर वापरून पाहावा आणि एक दिवस थांबून मग सर्व झाडावर फवारावा. सहा-सात दिवसांच्या अंतराने दोन-तीन फवारण्या कराव्या लागतात, कारण पहिल्या फवारणीतून वाचलेल्या माद्या पुन्हा पिल्ले देऊ लागतात.

ज्या तुळशीची पाने चहात किंवा तीर्थात जातात, तिच्यावर पाण्याची धार व हाताने वेचणी यापलीकडे काही करू नये. नवीन आणलेली कुंडी दोन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवावी. नत्रखताऐवजी चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत बेताने द्यावे. झाड फारच पोखरले गेले असेल आणि वरील उपायांनी भागत नसेल, तर ते काढून टाकणेच शहाणपणाचे ठरते. जास्वंदीची नवी फांदी पावसाळ्यात सहज जगते.

काय करू नये?

शेतातून उरलेले कीटकनाशक घरातील, शाळेतील वा कार्यालयातील कुंडीवर कदापि वापरू नये. शेतासाठीचे प्रमाण एकराच्या हिशेबाचे असते. झाकणाने मोजून बादलीत घातलेले औषध किती तीव्र झाले, हे कोणालाच सांगता येत नाही. मुले पानांना हात लावतात, फुले तोडतात आणि तोच हात तोंडात घालतात.

ही भीती काल्पनिक नाही. बिहारमधील सारण जिल्ह्यातील गंडामन गावी १६ जुलै २०१३ रोजी शाळेतील माध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ बालके दगावली. त्या अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले होते. २०१७ मध्ये आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजुरांना प्राण गमवावे लागले आणि शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. मोकळ्या शिवारात जे विष जाणत्या माणसाला आवरले नाही, ते शाळेच्या खिडकीत कसे आवरावे?

कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोणाची खूण असते. लाल रंग अतितीव्र, पिवळा तीव्र, निळा मध्यम व हिरवा सौम्य विषारीपणा दाखवितो. हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे. ही खूण सातवी-आठवीच्या मुलांना अवश्य शिकवावी. ती मुले घरी जाऊन वडिलांच्या औषधांच्या बाटल्या तपासतील आणि त्या उंच, कुलूपबंद जागी ठेवण्याचा आग्रह धरतील. रिकामे डबे धुऊन पाण्यासाठी, तेलासाठी वा धान्यासाठी वापरू नयेत.

गावाने काय करावे?

पंचायत सदस्यांनी, शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी मनावर घेतल्यास हे काम खर्चाशिवाय होण्यासारखे आहे. शाळेने 'कुंडी पाहणी वही' ठेवावी. मुलांनी दर आठवड्यास कोणत्या झाडावर मावा, किती शेंड्यांवर, ढालकिडे दिसले की नाही, हे नोंदवावे. वर्षभराची वही पाहिली म्हणजे आपल्या गावात मावा केव्हा वाढतो, हे पुस्तकाशिवाय कळेल. निंबोळ्या गोळा करण्याचा एक दिवस ग्रामपंचायतीने ठरवावा. संत्र्याच्या किंवा लिंबाच्या झाडावर काळा मावा सतत आढळत असेल, तर तालुका कृषी अधिकारी कार्यालयास कळवावे. अकोला येथील डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या तज्ज्ञांच्या शिफारशी या कार्यालयामार्फत शेतकऱ्यांपर्यंत पोहोचतात.

ज्या शाळेचा उल्लेख आरंभी केला, तेथील जास्वंदीचे आकसलेले शेंडे त्याच दिवशी छाटण्यात आले. मुलांनी चार दिवस पाण्याची धार मारली. त्यासाठी एक पैसाही लागला नाही. खिडकीत जेथे ती बाटली होती, तेथे आता भिंग ठेवावे, एवढीच सूचना निरोप घेताना करण्यात आली. प्रत्येक शाळेने आणि प्रत्येक कार्यालयाने ती अमलात आणली, तर कुंडीतील फुलांबरोबर शिवारातील पीक आणि घरातील लेकरेही सुरक्षित राहतील.